मलय भाषेतल्या ‘लापुक’, ‘रपुत’, ‘बुसुक’, ‘बुरुक’ या सगळ्यांना मराठीत ‘कुजलेलं’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. जुन्या मलय घरांच्या वर्णनाचं भाषांतर करताय, तर लाकूड कशानं गेलं ते आधी बघा. शब्द त्यावर ठरतो.

‘रपुत’ म्हणजे बुरशीनं भुसभुशीत झालेलं, बोटानं दाबलं की चुरा होणारं. ‘लापुक’मध्ये ओल आणि वय दोन्ही येतात: बुरसलेलं, जीर्ण. जुनाट विचारांनाही तोच शब्द लावतात. रूढीबद्दलची म्हण आहे, ‘ताक लापुक देक हुजान, ताक लकांग देक पानास’, म्हणजे पावसानं जीर्ण न होणारी, उन्हानं न तडकणारी. इंडोनेशियात ‘रपुत’ फारसा ऐकू येत नाही, तिथे बरंचसं काम ‘लापुक’च करतो. ‘बुसुक’ म्हटलं की आधी दुर्गंधी आठवते, मासळी-मांसाची. ‘बुरुक’ सगळ्यात फसवा. मलेशियात ‘रुमाह बुरुक’ म्हणजे मोडकळीला आलेलं घर. इंडोनेशियात ‘बुरुक’चा रोजचा अर्थ नुसता ‘वाईट’.

किडीचे शब्द वेगळे. वाळवी मलेशियात ‘आनाइ-आनाइ’, इंडोनेशियात ‘रायाप’. ‘बुबुक’ हा लाकूड पोखरणारा भुंगेरा. बारीक छिद्रं आणि खाली पिठासारखा भुसा, ही त्याची खूण. (इंडोनेशियात ‘बुबुक’ म्हणजे पूडही, म्हणून दळलेली कॉफी ‘कोपी बुबुक’.) वरून धड आणि आतून पोकळ, तर ‘करोपोस’. इथे ‘कुजलेलं’ लिहिलंत तर चूकच होईल, ‘पोखरलेलं’ लिहा.

आता घराचे भाग. ‘तियांग’ म्हणजे खांब, त्यातला मुख्य तो ‘तियांग सरी’. खांबांना भोक पाडून आरपार घातलेली तुळई ‘रासुक’, तिच्यावर ‘गलगार’ हे आडवे वासे, त्यांवर ‘लांताइ’, म्हणजे जमीन. छपराचे वासे ‘कासाउ’, त्यांवर ‘आताप’, म्हणजे छपराचं आच्छादन. खिडकी ‘जंदेला’, गोव्यातलं ‘जनेल’ आणि हा शब्द, दोन्ही पोर्तुगीजांचे.

रपुत बहुधा खांबाच्या पायाशी सुरू होतं, कारण लाकडाचं कापलेलं टोक पाणी भराभर शोषतं. म्हणून खांब मातीत न पुरता दगडाच्या किंवा सिमेंटच्या बैठकीवर उभे करतात. दुसरी जागा रासुकच्या भोकाची: पाणी आत शिरलं की वाळत नाही. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढत नाही. वाळवीचं तसं नाही, ती जमिनीतून ओल सोबत आणते, त्यामुळे कोरड्या दिसणाऱ्या खांबावरही मातीच्या नळ्या शोधाव्या लागतात.

मजकुरात ‘तरास’ आणि ‘गुबाल’ आले तर गोंधळू नका. तरास म्हणजे खोडाचा गडद, टिकाऊ गाभा. गुबाल म्हणजे बाहेरचं फिकट लाकूड. चंगालसारख्या नावाजलेल्या लाकडातही गुबाल आधी जातं. तेव्हा ‘खांब रपुत’ एवढंच लिहिलेलं असेल तर ‘खांब पूर्ण कुजला’ असं लिहिण्याआधी पुढचं वाक्य वाचा. पुष्कळदा फक्त गुबाल गेलेलं असतं आणि खांब अजून भार पेलत असतो.