कोल्हापुरातील 24 सदनिकांच्या नव्या इमारतीत गिझरऐवजी सामाईक हीट पंप बसवावा का?

तुमच्या इमारतीचे प्लंबिंग अजून झालेले नाही असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून माझे उत्तर 'बसवावा' असे आहे. मात्र गरम पाण्याच्या पाइपांचा आराखडा आधी ठरवावा आणि यंत्र त्यानंतर निवडावे. कोल्हापुरातील लॉज, रुग्णालये आणि सोसायट्यांच्या गरम पाण्याच्या व्यवस्थेचे काम मी गेली अनेक वर्षे करत आहे, आणि जिथे निराशा झाली तिथे दोष बहुतेक वेळा पाइपांत होता, यंत्रात नव्हता.

हीट पंप फ्रीजच्याच तत्त्वावर चालतो. तो वीज जाळून उष्णता निर्माण करत नाही, तर बाहेरच्या हवेतील उष्णता कंप्रेसरच्या साहाय्याने पाण्यात आणून सोडतो. त्यामुळे 1 युनिट विजेत साधारण 3 युनिट उष्णता मिळते. युरोपात कडाक्याच्या थंडीत त्याची कार्यक्षमता घटते आणि बाहेरच्या कॉइलवर, म्हणजे हवेतील उष्णता शोषणाऱ्या नळ्यांवर, बर्फ साचतो, हे तुम्ही वाचलेले आक्षेप खरे आहेत, पण ते तिथली घरे उबदार ठेवण्याच्या संदर्भातले आहेत. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा 14-15 अंशांच्या आसपास असतो आणि गरज असते ती फक्त आंघोळीच्या पाण्याची.

आता हिशेब मांडतो. प्रत्येक सदनिकेला दिवसाला 100 लिटर धरले तर 2400 लिटर पाणी 25 अंशांवरून 55 अंशांपर्यंत तापवावे लागेल, आणि त्यासाठी सुमारे 84 युनिट उष्णता लागेल. गिझरने ती जवळपास तेवढ्याच विजेत मिळते, तर हीट पंपाने सुमारे 28 युनिटमध्ये. शिवाय सकाळी सहा-सातच्या सुमारास 2 किलोवॅटचे 24 गिझर एकदम सुरू झाले, तर इमारतीवर 48 किलोवॅटचा भार येतो. हेच काम 7 किलोवॅट वीज घेणारा हीट पंप चार तासांत करून ठेवतो, आणि ते तास रात्रीचे किंवा दुपारचे असू शकतात.

पण या हिशेबात पाइप धरलेले नाहीत. नळ उघडताच गरम पाणी यावे म्हणून सामाईक व्यवस्थेत पाणी रिटर्न लाइनमधून, म्हणजे ते टाकीकडे परत नेणाऱ्या पाइपातून, सतत फिरवत ठेवतात. चांगले इन्सुलेशन असलेल्या पाइपातूनही प्रति मीटर 8 ते 10 वॅट उष्णता बाहेर जाते. जाणारी आणि परतीची लाइन मिळून 150 मीटर झाली, तर चोवीस तासांत सुमारे 30 ते 35 युनिट उष्णता भिंतींना मिळते, म्हणजे वापरलेल्या पाण्यातील उष्णतेच्या एक तृतीयांशाहून अधिक. एका सोसायटीत सामाईक वीजबिल अपेक्षेप्रमाणे का उतरत नाही हे पाहायला मी गेलो, तेव्हा रिटर्न लाइन उघडी होती आणि फिरवणारा पंप रात्रंदिवस चालू होता. पाइपांना आवरण घालून आणि पंपाला टायमर लावून तो सकाळी चार व संध्याकाळी दोन तास चालवल्यावर बिल लक्षणीय खाली आले. म्हणून उभ्या लाइन कमीत कमी ठेवा, स्नानगृहे एकावर एक येतील असे पाहा, आणि कंत्राटदाराकडून पाइपांची एकूण लांबी लेखी घ्या.

मग सोलर हीटर का नको, असे कोणी विचारेल. तो सहज परवडतो, हे मला मान्य आहे. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आठवडा-आठवडा ऊन पडत नाही, आणि गरम पाण्याची ओढ तर नेमकी तेव्हाच असते. हीट पंपाला ढगांनी फरक पडत नाही. उलट दमट हवेतील बाष्प कॉइलवर द्रवरूप होताना आपली उष्णता देऊन जाते. हे पाणी बरेच निघते, त्याला निचऱ्याची वाट हवी. ज्या घरात पूर्वी पहाटे बंब पेटायचा, तिथल्या वडीलधाऱ्यांना पावसाळ्यात कोमट पाण्यावर भागवा असे सांगणे मला योग्य वाटत नाही.

जागा गच्चीवरच ठेवा. 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर पंचगंगेच्या बाजूच्या वस्त्यांत तळमजल्यावर यंत्रे ठेवण्याचा विचारही करू नये. बंद खोलीत ठेवल्यास यंत्र स्वतःच थंड केलेली हवा पुन्हा ओढते आणि त्याची कार्यक्षमता घसरते. खाली कोणाची झोपण्याची खोली नाही हेही पाहा, कारण पंख्याचा व कंप्रेसरचा आवाज पहाटे जाणवतो.

तोट्यांत सुरुवातीचा खर्च सर्वांत मोठा आहे. बोअरचे पाणी वापरणार असाल तर क्षार साचून उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, म्हणून सॉफ्टनर (पाण्यातील क्षार कमी करणारे उपकरण) आवश्यक धरा. टाकीचे पाणी अधूनमधून 60 अंशांच्या वर नेता येईल अशी सोय हवी, कारण कोमट साठ्यात न्यूमोनिया करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात. यंत्र बंद पडले तर चोवीसही घरांचे पाणी थांबते. म्हणून एका मोठ्याऐवजी दोन लहान यंत्रे घ्यावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

राहिला बिलाचा प्रश्न. गिझरचा खर्च ज्याचा तो भरतो; इथे तो सामाईक मीटरवर येतो आणि दोन माणसांचे घर सहा माणसांच्या घराइतकेच पैसे भरते. प्रत्येक सदनिकेच्या गरम पाण्याच्या लाइनवर वेगळा मीटर बसवण्याची जागा आताच सोडून ठेवा. फरशी बसल्यावर ते काम फार महागात पडते.