मुंबईत छोट्या हॉलमध्ये नाटक आणि जेवण एकत्र करायचं असेल, तर मेनू काय ठेवावा आणि पानाला किती खर्च येतो?

तुम्ही लिहिलंय की 80 प्रेक्षक आहेत, दादर-माटुंग्याकडचा हॉल बघताय, तास-दीड तासाचं नाटक आहे आणि प्रसंगांच्या मधेमधे पाच कोर्स वाढायचा विचार आहे. हे शेवटचं वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. मेनूचं नंतर सांगते. आधी एवढं ऐका: नाटक चालू असताना वाढू नका. लिंबाची फोडसुद्धा नाही.

मी गोरेगावात केटरिंग करते, 26 वर्षं झाली. मुंजी, डोहाळजेवणं, साखरपुडे, वास्तुशांती. 2018 च्या हिवाळ्यात चार शनिवार मी अशाच एका नाटकाचं जेवण केलं. दिग्दर्शक तिशीतला मुलगा, हुशार, दोन वर्षं अमेरिकेत राहून आलेला. नाटक असं होतं की गिरगावातली चाळ पाडायला निघाली आहे आणि त्या घरात शेवटची गौर बसली आहे. तीन जावा, एक नणंद, म्हातारे सासरे. प्रेक्षक म्हणजे गौरीला जेवायला आलेले पाहुणे. कल्पना सुंदर होती, आजही म्हणते.

मेनू मीच सुचवला, कारण गौरीचं जेवण काही कोणाला विचारून ठरवायचं नसतं. पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्यांची भाजी, अळूचं फदफदं, मसालेभात, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, कुरडई-पापड, मठ्ठा. सगळं ठरल्यावर मी संहिता मागितली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "काकू, तुम्हाला संहिता कशाला? मी क्यू देतो, तुम्ही माल सोडा."

माल. पहाटे चारला उठून वाटलेल्या पुरणाला माल.

पहिल्या शनिवारी 90 माणसं होती. गोल टेबलं, स्टीलची ताटं, काळोख. दुसऱ्या प्रसंगात थोरली जाऊ बिल्डरच्या कागदावर सही करते आणि गौरीपुढे बसते. मिनिटभर काही बोलत नाही, फक्त निरांजनाची वात सारते. हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. त्याच्या जरा आधी क्यू, म्हणजे त्याचा इशारा, आला, कुरडई-पापड सोडा. पोरं ट्रे घेऊन गेली. आता सांगा, गरम कुरडई हातात आल्यावर माणूस ती धरून बसेल का? तोंडात घातली की ती मोडणारच. 90 जणांनी ती मोडली. आत भट्टीपाशी मला वाटलं, पत्र्यावर पाऊस सुरू झाला. त्या मुलीचा हात वातीवरच राहिला, मग तिनं मिनिटभराची शांतता पाच सेकंदात संपवून पुढचं वाक्य घेतलं. त्याच काळोखात माझ्या एका पोराचा पाय खुर्चीत अडकला आणि कटाची आमटी एका बाईंच्या पैठणीवर गेली.

प्रयोग संपल्यावर तो मागे आला. माझी चार पोरं आणि पोळ्या लाटणाऱ्या दोघी उभ्या होत्या, त्यांच्यासमोर म्हणाला, "तुमच्या कुरडयांनी माझा सीन मारला." मी त्या रात्री काही बोलले नाही. आता बोलते: क्यू तुझा होता.

त्याचं एकच पालुपद होतं, अमेरिकेत असंच असतं. मी नंतर वाचून काढलं. डिनर थिएटरची, म्हणजे जेवणासकट नाटकाची, सुरुवात तिकडे 1953 साली व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर टॅव्हर्नमध्ये बार्क्सडेल थिएटरनं केली, असं मानतात. पुढे बार्न डिनर थिएटर म्हणून अशा नाट्यगृहांची साखळी निघाली, तिथे आधी लोकांनी जेवून घ्यायचं, मग छतातून रंगमंच खाली उतरायचा आणि नाटक सुरू व्हायचं. वाढायला कित्येकदा नटच असायचे. म्हणजे ज्या अमेरिकेचं नाव घेऊन तो मला गप्प करत होता, तिथेही जेवण आधी आणि नाटक मागून. मध्ययुगीन लढायांचे खेळ दाखवत चिकन खायला देणारं मिडीव्हल टाइम्स आहे, 1983 पासून फ्लोरिडात, तिथे खेळ चालू असताना जेवतात हे खरं. पण तिथे घोडे दौडतात, तलवारी आपटतात, आणि लोक काटे-चमचे न घेता हातानं खातात. त्या गोंगाटात कुरडईचं काय ऐकू येणार? गौरीपुढे गप्प बसलेल्या बाईचं नाटक तसं करता येत नाही.

आणि आपल्याकडचंच बघा ना. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात मध्यंतरात बटाटेवडा खाऊन माणूस हात पुसून आत येतो. दिवाळी पहाटेला फराळ गाणं संपल्यावर मिळतो. हे लोकांनी अनुभवातून ठरवलेलं आहे.

पुढच्या बुधवारी मी न बोलावता तालमीला गेले. मागच्या खुर्चीवर वही घेऊन बसले आणि लिहीत गेले: इथे शांतता, इथे हशा, इथे दोन जावांचं भांडण, इथे पुन्हा शांतता. तालीम संपल्यावर त्याला म्हटलं, "अरे, जेवण मधेमधे नको. एक अख्खा अंक जेवणाचाच कर. दिवे पूर्ण लाव आणि पंगत बसव." तो नाही म्हणत होता. थोरल्या जावेचं काम करणारी मुलगी म्हणाली, "काकू म्हणतात ते करून बघू या." तिनं ते म्हटलं नसतं तर दुसरा शनिवारही पहिल्यासारखाच गेला असता.

पंगत हे मुळातच नाटक आहे, हे मला कोणी शिकवायला नको. कोणीतरी "वदनी कवळ घेता" सुरू करतं. मग "पार्वतीपते हर हर महादेव" होतं. नवीन सुनेला नाव घ्यायला लावतात, ती लाजते, उखाणा घेते, टाळ्या पडतात. आग्रह करणारा आणि नको नको म्हणणारा, दोघांनाही आपापलं काम पाठ असतं. एवढं सगळं आयतं हातात असताना गोल टेबलं आणि पाच कोर्स कशाला आणायचे?

स्टीलची ताटं काढून टाकली, केळीची पानं आणली. पानाला आवाज नाही आणि हातानं जेवलं की चमच्याचाही आवाज नाही. लांब टेबलं लावून समोरासमोर दोन ओळी केल्या, कारण साठीच्या पुढची माणसं पाटावर बसली तर उठताना हाल होतात. वाढायला माझी पोरं नाहीत, नाटकातल्या जावा. त्यांना मी दोन संध्याकाळी वाढायला शिकवलं. आधी मीठ, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या हाताला, भाज्या उजव्या हाताला, मग भाताची मूद आणि त्यावर वरण, आणि तूप पडेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. धाकट्या जावेचं काम करणारी मुलगी पळी पानापासून वीतभर वर धरायची आणि आमटी उडायची. तिचं मनगट धरून खाली आणलं, पानापासून दोन बोटांवर, आणि पळी कलती करून अळूच्या कडेनं सोडायला लावली. दहाव्या वेळी जमलं. मग ती कंबरेतून वाकून, पदर सावरून, एका माणसाकडून दुसऱ्याकडे अशी सरकायला लागली की मला माझी मोठी वहिनी आठवली.

दुसऱ्या शनिवारी पंगतीत एक आजोबा होते. ऐंशीच्या आसपासचे. थोरली तूप वाढत होती. आजोबा म्हणाले, "सूनबाई, तुपाला हात आखडता का?" ती पटकन म्हणाली, "घ्या ना काका, डबा रिकामाच करायचाय. उद्या कुठे न्यायचाय तो." आणि तिनं धार सोडली. हे संहितेत नव्हतं. अख्खी पंगत गप्प झाली. पुढच्या दोन्ही प्रयोगांत ते वाक्य ठेवलं.

मग पानं उचलली, टेबलं पुसली आणि त्या रिकाम्या टेबलांसमोर सहीचा प्रसंग झाला. तुपाचा, वेलदोड्याचा वास हॉलभर होता. थोरली निरांजनापाशी बसली आणि मिनिटभर फक्त पंख्याचा आवाज येत होता. मी दारात उभी होते. लोकांनी नुकतंच त्या घरात जेवलेलं होतं, त्यामुळे ते घर जाणार म्हणजे काय ते त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

चौथ्या प्रयोगानंतर रंगमंचावरून नावं घेतली. प्रकाश, संगीत, रंगभूषा, वेशभूषा, हॉलचे व्यवस्थापकसुद्धा. आमचं नाही. नंतर एका मुलाखतीत जेवणाच्या अंकाबद्दल तो दिग्दर्शक बोलला, ते असं की जणू ते त्याला घरी बसून सुचलं. आमचे हे म्हणतात, "पैसे वेळेवर मिळाले ना? आपलं काम पातेल्यापर्यंत." या एका गोष्टीवरून आमच्या घरात आजही वाद होतो आणि मी मागे हटत नाही.

कारण माझी आई. तिची परळला खानावळ होती, गिरणी कामगारांची. कामावरून सुटून नाटकाच्या तालमी करणारी बरीच पोरं तिच्याकडे जेवायची. दामोदर नाट्यगृहात प्रयोग असला की आई रात्री बारापर्यंत पातेलं उतरवायची नाही. 1922 सालचं ते नाट्यगृह 2023 मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा मला घरचंच काहीतरी गेल्यासारखं वाटलं. 1982 च्या संपानंतर खानावळ चालली नाही. पण त्या पोरांच्या एका नाटकाचं हस्तपत्रक माझ्याकडे आहे, पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं. त्यावर दिग्दर्शन, नेपथ्य, आणि त्याखाली "भोजनव्यवस्था" असं लिहून माझ्या आईचं नाव छापलेलं आहे. गिरणीत आठ तास उभं राहून आलेल्या पोरांना जे सुचलं, ते अमेरिका बघून आलेल्याला का सुचू नये? म्हणून तुम्हाला सांगते, पोस्टरवर आचाऱ्याचं नाव टाका. लेखकाइतकं मोठं नको, पण टाका.

आता मेनू. नाटकातली माणसं जे जेवतात तेच प्रेक्षकांच्या पानात हवं. नाटक कोकणातल्या घरातलं असेल तर वालाचं बिरडं आणि उकडीचे मोदक करा. कोजागिरीचं असेल तर जेवण साधं ठेवून शेवटी मसाला दूध द्या. पुऱ्या नको, आणून ठेवल्या की वातड होतात. मसालेभात धीर धरतो. काट्याचे मासे मंद उजेडात अजिबात नको. कुरडई हवीच असेल तर पंगतीतच, दिवे लागलेले असताना. हॉलमध्ये कुकर लावू नका, शिट्टी कोणत्या वाक्यावर होईल ते देवालाही ठाऊक नाही.

80 पानांना दोन्ही भात मिळून सात किलो तांदूळ पुरतो. पुरणपोळी माणशी दोन धरा, किलोभर डाळीच्या 25 ते 30 होतात. मठ्ठा 16 लिटर. वाढणारा दर 15 पानांमागे एक हवा, आणि पंगतीला 45 मिनिटं द्या, त्यात काटछाट करू नका.

खर्चाचं म्हणाल तर तेव्हा मी पानाला 420 रुपये घेतले होते, केळीचं पान धरून, वाढप्यांशिवाय. आजचा दर बराच वर आहे आणि तो डाळ-तुपाच्या भावावर ठरतो, म्हणून इथे आकडा देत नाही. तीन ठिकाणी विचारा, आणि जो संहिता मागेल त्याला काम द्या.

दोन गोष्टी राहिल्या. हॉल घेण्याआधी आत भट्टी आणि सिलिंडर चालतो का ते लेखी घ्या, बऱ्याच ठिकाणी नाही म्हणतात, मग सगळं बाहेरून आणावं लागतं आणि पोळी गार होते. तिकिटाच्या वेळीच मधुमेह, उपास, शेंगदाणा चालत नाही वगैरे विचारून ठेवा. आणि हे मी चार प्रयोगांच्या आणि शाकाहारी जेवणाच्या अनुभवावरून लिहितेय. तुमचं नाटक धमाल विनोदी असेल, सतत आरडाओरडा असेल, तर मधे काहीतरी चटपटीत फिरवलेलं चालेलही. मी तरी फिरवणार नाही.

आणि 80 प्रेक्षक म्हणालात, तर पानं 95 धरा. नट प्रयोगाआधी पोटभर जेवत नाहीत, नंतर त्यांना कडकडून भूक लागते. प्रकाशाचा मुलगा, संगीत वाजवणारा, रंगभूषा करणारे दादा, पडदा ओढणारा, हॉलचा शिपाई. पहिल्या शनिवारी यांना कोणी मोजलंच नव्हतं आणि ती पोरं रात्री साडेअकराला बाहेर वडापाव शोधत होती. दुसऱ्या शनिवारपासून त्यांची पानं मी आधी बाजूला काढून झाकून ठेवायला लागले, आई ठेवायची तशी.