बॅरल गोठवून नेम सुधारतो का?

प्रश्न : माझी मुलगी ५० मीटर प्रोनसाठी (पालथे झोपून नेमबाजी) पॉइंट टू-टू रायफल वापरते. बॅरलवर क्रायोजेनिक प्रक्रिया (क्रायो, म्हणजे धातू अतिथंड करणे) केली की ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पसारा) लहान होतो, असे रेंजवर ऐकतो. खर्च करावा का? गावात कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनचा कंटेनर असतो, त्यात बॅरल बुडवली तर? – एक पालक, मिरज

उत्तर : खर्च करू नका. कंटेनरचा तर विचारही नको.

पोलाद लाल करून तेलात विझवले की त्यातल्या ऑस्टेनाइटचे (तापल्यावरची मऊ रचना) मार्टेन्साइट (कठीण रचना) होते. कार्बन जास्त असेल तर थोडे ऑस्टेनाइट मागे उरते. उणे १९६ अंशांपर्यंत नेऊन त्याचेही मार्टेन्साइट करून घेणे, हे क्रायोचे मुख्य काम. बॅरल मात्र बहुधा ४१४० जातीच्या क्रोम-मॉली पोलादाची किंवा ४१६ स्टेनलेसची असते. ४१४० मध्ये कार्बन अवघा ०.४ टक्के. शिवाय विझवल्यावर ते साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास टेम्पर केलेले, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवलेले असते. उरलेसुरले ऑस्टेनाइट तिथेच मोडते. मग गोठवून बदलायचे काय?

दुसरा दावा अंतर्गत ताण निघतो, असा. ताणाची अडचण खरी आहे. बटण (कठीण धातूचा ठोकळा) ओढून रायफलिंग (आतले पिळदार खाचे) पाडलेल्या बॅरलमध्ये ताण राहतो. नंतर बाहेरून टर्निंग केले (लेथवर धातू कापून काढला) की बोअर (नळीचे छिद्र) जागोजागी उघडतो, आणि बॅरल तापली की मार एका बाजूला सरकतो. पण ताण सुटायला धातू आतून थोडा सरकावा लागतो, आणि तो सरकतो उष्णतेत. म्हणून चांगले बॅरल बनवणारे रायफलिंगनंतर ती भट्टीत तापवून सावकाश निववतात. नायट्रोजनमध्ये २६ इंची बॅरल सव्वा मिलिमीटरच्या आसपास आखडते आणि बाहेर काढल्यावर तेवढीच लांबते. सगळीकडून सारखी आखडली, की ताण जिथल्या तिथेच. त्यात टू-टूमध्ये दारू इतकी थोडी, की प्रोनच्या वेगाने बॅरल फारशी तापतच नाही.

ग्रुप सुधारल्याचे सांगणारे खोटे बोलत नाहीत. त्याच रायफलने, त्याच लॉटने (एकत्र बनलेल्या काडतुसांच्या खेपेने) मारलेला पाच गोळ्यांचा ग्रुपही सरासरीच्या पाव हिश्शाने सहज लहानमोठा होतो. आधी दोन, नंतर दोन मारून काहीच कळत नाही. त्यातच बॅरल काढली, साफ केली, स्क्रू नव्याने कसले. फरक त्यानेही पडतो. खरेच तपासायचे तर रायफल बाकाला जखडून एकाच लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे दहा ग्रुप आधी आणि दहा नंतर मारावे लागतील, आणि न गोठवलेली दुसरी बॅरलही तशीच तपासावी लागेल.

ते पैसे लॉट निवडण्यात घाला. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, आणि एकाच नावाच्या दोन लॉटमधला फरक तिथे स्पष्ट दिसतो. पाच-सहा लॉटच्या प्रत्येकी चाळीस गोळ्या मारा आणि उत्तम ठरेल त्याच लॉटची हंगामभराची पेटी घ्या. क्राउन, म्हणजे गोळी बाहेर पडते ते बॅरलचे तोंड, भिंगाखाली पाहा. तिथला छोटा ओरखडाही गोळी तिरकी सोडतो. स्क्रू टॉर्क रेंचने, उत्पादकाने दिलेल्या आकड्यावरच कसा.

आता कंटेनर. त्याचे तोंड अरुंद, खोली बॅरलपेक्षा कमी. एक टोक नायट्रोजनमध्ये, दुसरे मिरजेच्या उन्हात, अशी गत होईल. नीट प्रक्रियेत तापमान मिनिटाला अंश-दोन अंशांनीच उतरवतात. गरम धातू पडताच नायट्रोजन उसळतो, हातातोंडावर उडतो. एका लिटरचा सुमारे सातशे लिटर वायू होतो. बंद खोलीत माणूस गुदमरतो. पातळी घसरून रेतमात्रा वाया जातील, म्हणजे नुकसान गावातल्या गोठ्यांचे. आणि बॅरलचे कोणतेही काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्यायचे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दुरुस्तीलाही परवाना लागतो.

प्रश्न : आमच्याकडे डी-२ (हत्यारांचे पोलाद) चे पंच (पत्रा कापणारी, भोके पाडणारी हत्यारे) लवकर बोथट होतात. क्रायो चालेल का? – एक वाचक, कुपवाड एमआयडीसी

उत्तर : इथे जरूर करा. डी-२ मध्ये कार्बन दीड टक्का, क्रोमियम बारा, त्यामुळे हार्डनिंगनंतर (तापवून विझवल्यावर) ऑस्टेनाइट बरेच उरते. क्रम मात्र चुकवू नका : हार्डनिंग, मग पंच हाताला सोसेल इतका निवला की लगेच क्रायो, त्यानंतर दोनदा टेम्परिंग. रात्रभर ठेवून सकाळी गोठवाल तर उरलेले ऑस्टेनाइट स्थिरावते आणि फायदा घटतो. कोपरे टोकदार ठेवू नका, तडा तिथूनच जातो. हार्डनिंगचे तापमान किंवा पंच आणि डाय (खालचा साचा) यांमधली फट चुकली असेल, तर मात्र क्रायो तुम्हाला वाचवणार नाही. आधी ते मोजा.