पैसे भरून मॅच बघायची, तरी जाहिराती का? आणि तक्रार करून काही होतं का?

प्रश्न असा आहे: ‘डीटीएचला दर महिन्याला पैसे भरतो, तरी मॅचमध्ये जाहिरातींचा मारा चुकत नाही. ग्राहकसेवेला फोन केला की नुसतं क्षमस्व म्हणतात. तक्रार करून खरंच काही उपयोग होतो का?’

होतो. मला 177 रुपयांचा झाला. त्याची गोष्ट खाली सांगतेच, आधी जाहिरातींचं उरकते.

तुम्ही भरता ते पैसे वाहिनी घरात येण्याचे. जाहिरात दाखवू नका म्हणून तुमच्याकडून कुणी काही घेतलेलंच नाही. केबलच्या 1994 च्या नियमांत तासाला 12 मिनिटांची मर्यादा आहे, 10 मिनिटं जाहिराती आणि 2 मिनिटं वाहिनीची स्वतःची टिमकी. 2013 च्या सुमाराला ट्रायनं, म्हणजे टीव्ही-फोनवाल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकानं, ती नेटानं लावायला घेतली तेव्हा वाहिन्या कोर्टात गेल्या. आणि आयपीएलमध्ये तर जाहिरातीसाठी खेळालाच कात्री लावलीय. ‘स्ट्रॅटेजिक टाइमआउट’ 2009 मध्ये आला तेव्हा डावाच्या मध्ये सलग साडेसात मिनिटांचा होता. लोक वैतागले, मग पुढच्या वर्षापासून तुकडे केले. आता दोन्ही डाव मिळून चार, प्रत्येकी अडीच मिनिटं. कर्णधार डावपेच ठरवतात म्हणे. ठरवत असतील बापडे, आपल्याला तेवढ्या वेळात सिमेंट आणि पानमसाल्याची वेलची दिसते. षटकारालाही मध्यंतरी एका बिल्डर कंपनीचं नाव होतं, आठवत असेल. भारताच्या शर्टावर ड्रीम इलेव्हन होतं ते ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर कायद्यानं बंदी आली तेव्हाच उतरलं. तोवर आमच्या पुतण्यानं ‘टीम बनवून’ किती घालवले ते त्यानं घरात अजून सांगितलेलं नाही.

आमच्या बेळगावात कुस्तीच्या मैदानातही जाहिरात असतेच की. भोंग्यावर सारखं चालू असतं, अमुक गल्लीच्या तमुक पाटलांकडून या कुस्तीला 501 रुपये. पण तो बोलत असताना खाली कुस्ती थांबत नाही. एवढाच फरक, आणि मला तो पुरेसा वाटतो. कबड्डीतही चढाई 30 सेकंदांची, मध्ये शिरायला जागाच नाही, म्हणून बिचारे खेळाडूंच्या चड्डीवर नावं छापतात. छापू देत.

आता तक्रारीचं.

मी बेळगावच्या शहापुरात राहते. आमचं साड्यांचं दुकान आहे, 22 वर्षं गल्ल्याच्या या बाजूला बसते, म्हणून ‘ग्राहकसेवा’ हा शब्द कुणी उच्चारला की मला राहवत नाही. बैलहोंगल, गोकाक, सौंदत्तीकडची माणसं आमच्याकडं बस्ता बांधायला येतात. गोव्याची येतात. एका लग्नाला चाळीस-पन्नास साड्या उलगडायच्या आणि शेवटी नवरीची आत्या म्हणणार, ‘पहिली होती तीच दाखवा बघू.’ दाखवायची. माझं माहेर चंदगडकडचं, लग्न होऊन आले तेव्हा कन्नडचा एक शब्द येत नव्हता. गिऱ्हाइकांनीच शिकवलं. गिऱ्हाईक कन्नड बोललं की कन्नड, मराठी बोललं की मराठी, कोकणी बोललं की माझी चंदगडी थोडी वाकवून घ्यायची.

यावरूनच माझं आणि आमच्या भावोजींचं (धाकटे दीर) वीस वर्षांचं भांडण आहे. त्यांना कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं, शाळेत शिकलेत. पण बँकेत, पोस्टात, वीजबिलाच्या खिडकीवर, कुठंच बोलणार नाहीत. समोरचा कन्नडमध्ये विचारतोय, हे मराठीत उत्तर देतायत, मागं रांग वाढतीय. ‘वैनी, तत्त्वाचा प्रश्न आहे.’ दर 1 नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा जो काळा दिन असतो, त्याच्या सायकल फेरीला जातात, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. आमच्या मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्ल्या होत्या, थंडीत गुडघा धरायचा त्यांचा. मराठी फलक, मराठी कागद हे मागायलाच पाहिजे, मीही मागते. पण सक्ती वेगळी आणि काम करून घेणं वेगळं, असं माझं म्हणणं. भावोजी म्हणतात, इथूनच घसरण सुरू होते.

तर 18 मे 2024. आयपीएलमध्ये बेंगळुरू विरुद्ध चेन्नई, दोघांतला एकच पुढं जाणार. बेंगळुरूला निदान 18 धावांनी जिंकायला लागत होतं, नाहीतर धावगतीवर चेन्नई जाणार. मुलगा कोहलीवाला, भावोजी धोनीवाले, मी दोघांना चहा देणारी पण एक चेंडू न चुकवणारी. पावसानं खेळ मध्ये थांबला होता, त्यामुळं बाराच्या सुमारास शेवटची ओव्हर. चेन्नईला पुढं जायला 17 हवेत. यश दयालच्या पहिल्याच चेंडूवर धोनीनं 110 मीटरचा षटकार मारला. भावोजी खुर्चीवरून उठले. आणि पडदा निळा. ‘आपल्या खात्यातील रक्कम संपली आहे. कृपया रिचार्ज करा.’

धोनी पुढच्या चेंडूला आउट झाला हे मला शेजारच्या घरातल्या ओरडण्यावरून कळलं. बेंगळुरू 27 धावांनी जिंकलं. भावोजींना हरल्याचं दुःख होतं, मला बघायला न मिळाल्याचं. माझं मोठं होतं.

रिचार्ज मी स्वतः केलेला, 21 तारखेपर्यंत पुरायला हवा होता. सकाळी हिशोब काढला तर तीन महिने कसल्यातरी ‘खास सेवे’चे 59 रुपये जात होते. आधी आठ दिवस फुकट, मग आपोआप चालू. आम्ही कुणीच मागितलेली नव्हती. नव्हती असं मला तेव्हा वाटत होतं.

फोन लावला. कन्नडसाठी एक, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. मराठी नाहीच, कारण आम्ही त्यांच्या हिशोबात कर्नाटक. भावोजी शेजारीच उभे. म्हणाले, ‘दोन दाबा. एक दाबायचं नाही.’ दाबले दोन. पंचवीस मिनिटं गाणं, मध्ये मध्ये त्याच कंपनीची जाहिरात. शेवटी एक पोरगा आला, ‘मॅडम, सर से बात करा दीजिए, कनेक्शन उनके नाम पर है.’ कनेक्शन मामांच्या नावावर. मामांना जाऊन सहा वर्षं झाली. सांगितलं. तो म्हणतो, ‘जी मॅडम, समझ सकता हूँ, पर सर से एक बार बात करा दीजिए.’ तीन वेळा. चौथ्यांदा मी म्हटलं, तुम्हीच गाठा त्यांना, लागला फोन तर मलाही द्या. कट झाला.

तक्रार क्रमांक दिला नव्हता. ही माझी चूक, तुम्ही करू नका. पहिल्या वाक्यातच क्रमांक मागायचा आणि कागदावर लिहायचा, तारीख-वेळेसकट. क्रमांक नसेल तर तुम्ही फोन केलाच नाही असं धरतात.

असे चार दिवस गेले. भावोजी रोज दोन दाबायचे आणि रोज म्हणायचे, ‘सोडा की वैनी, पावणेदोनशे रुपयांसाठी कोण भांडत बसतंय. घरातल्याच कुणीतरी दाबलं असणार.’ दुकानात एका साडीला दोऱ्याचं टोक सुटलेलं निघालं तर मी हजाराची साडी बदलून देते, आणि ह्यांनी माझे 177 रुपये सोडायला सांगावेत!

पाचव्या दिवशी भावोजी कामाला गेल्यावर मी एक दाबलं.

चाळीस सेकंदांत मुलगी आली. बोलीवरून धारवाडकडची. मामांना फोन द्या म्हणाली, मी म्हटलं, ‘अवरु तीरिकोंडु आरु वर्ष आयितु,’ त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. ‘अय्यो... सॉरी अक्का,’ असं म्हणाली आणि खरंच दोन क्षण काही बोलली नाही. मग नंबर विचारला, ओटीपी मामांच्या सिमवर गेला (ते सिम आता आत्यांच्या, सासूबाईंच्या, बटणांच्या फोनात आहे), मी देवघरात पळत जाऊन तो वाचून दाखवला. सेवा बंद. तक्रार क्रमांक न मागता दिला. पैशांचं म्हणाली, वरच्यांना विचारावं लागेल, पण लिहून ठेवते की तुम्ही चार वेळा फोन केला होता. आठव्या दिवशी 177 रुपये खात्यात.

मामांच्या नावावरचे पैसे कन्नडमधून परत आले, हे मी भावोजींना जेवताना सांगितलं. ते भाताकडं बघत राहिले. ‘योगायोग,’ म्हणाले. योगायोग नव्हे. हिंदीची रांग अख्ख्या देशाची, कन्नडची फक्त राज्याची. आणि पलीकडचं माणूस स्वतःच्या भाषेत बोलत असलं की पढवलेलं वाक्य सोडून बोलतं, हे मला 22 वर्षं गल्ल्यावर दिसतंय. तुम्ही कुठं राहता माहीत नाही, पण हिंदी-इंग्रजी सोडून तिसरी कुठली भाषा तुम्हाला मोडकीतोडकी येत असेल तर तेच बटण दाबा.

हे नाही जमलं तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे न मिटलेल्या तक्रारी बघणाऱ्या वरच्या माणसाला, लेखी कळवायचं, पत्ता त्यांच्या संकेतस्थळावर असतो, हुडकावा लागतो. मग 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथं 17 भाषा आहेत आणि त्यात मराठी आहे. भावोजी हे वाचणार मला माहीत आहे: भावोजी, 1915 वर मराठी आहे, बेळगावातून लागतंय, तिथं तत्त्व सांभाळा. त्याच्यावर जिल्हा ग्राहक आयोग. 2020 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात तुम्ही राहता तिथंच तक्रार टाकता येते, कंपनी कुठली का असेना, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. फुकट म्हणून देऊन नंतर गुपचूप पैसे लावणं, बंद करायला आडवळणं ठेवणं, असल्या 13 युक्त्यांची यादी सरकारनं 2023 मध्ये काढली आहे, ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. फोनवर हा शब्द उच्चारून बघा, आवाज बदलतो.

जाहिरातींबद्दल मात्र मी कुठंही तक्रार केलेली नाही, तेव्हा तुमच्या प्रश्नाच्या त्या अर्ध्या भागाला माझ्याकडं अनुभव नाही. मी टाइमआउटला भांडी घासून घेते.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला पाहिजेत. एक, कनेक्शन अजून मामांच्याच नावावर आहे. मृत्यूचा दाखला दिला की बदलून मिळतं, कंपनीची त्यात चूक नाही, आम्हीच दिलेला नाही. त्यांच्या वाढदिवसाला कंपनीचा शुभेच्छांचा मेसेज येतो, आत्या तो पुतण्याकडून वाचून घेतात.

दुसरी अशी की पैसे परत आल्यावर पंधरा दिवसांनी आत्या सकाळी टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘अगं, ते पहाटेचं देवळातलं दर्शन यायचं बघ, ओके दाबलं की. हल्ली काय की, दिसतच नाही.’

भावोजी घरात नव्हते, नशीब. मी दुकानात जाऊन एक दाबलं आणि ती सेवा परत चालू करून घेतली, महिना 59 रुपये. फोनवर या वेळी दुसरीच मुलगी होती.