'रेस'ला जात म्हणावं की वंश?

ठाण्यात अकरावीत शिकणाऱ्या, कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजातल्या एका मुलीने विचारलं आहे: "मी बेने इस्राएल आहे. घरी आम्ही मराठीच बोलतो. 'मी कोण?' या विषयावर मराठीत लेख लिहायचा आहे, पण पहिलं वाक्य इंग्रजीत सुचलं आणि त्यात रेस, रिलिजन, आयडेंटिटी हे तीन शब्द आले. रेसला 'जात' लिहिलं तर मैत्रीण म्हणाली, तुम्हाला कुठे जात असते? 'वंश' लिहिलं तर राजघराण्यासारखं वाटतं. आणि आयडेंटिटीला अस्मिता म्हणू की ओळख?"

रेसला वंशच. जात आणि वंश एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ही कारणं सुटी सुटी मोजली आहेत, म्हणजे घटनेलाही हे दोन शब्द वेगळे हवे होते. डॉ. आंबेडकरांनी तर १९३६ सालीच ठामपणे मांडलं होतं की जातिव्यवस्था ही वंशांची विभागणी नव्हे. पंजाबातला ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांच्यात वंशाचं कुठलं साम्य आहे, असा त्यांचा सवाल होता. एकाच वंशाच्या माणसांची समाजाने पाडलेली फाळणी म्हणजे जात.

'वंश' तुला राजघराण्यासारखा वाटतो, हे तुझ्या कानाचं कौतुक. संस्कृतात वंश म्हणजे मुळात बांबू. पेरावर पेर चढत जातं तशी पिढीवर पिढी, म्हणून घराण्याला वंश. यादव वंश, वंशावळ, निर्वंश हे सगळे त्या घराण्याचेच शब्द. माणसांच्या मोठ्या गटांना, त्यांच्या रंगारूपावरून, वंश म्हणणं पुष्कळ नंतरचं. म्हणून आजही तो शब्द त्या अर्थाने थोडा परका वाटतो. दक्षिण आफ्रिकेबद्दल लिहितानाही आपण बहुतेक 'वर्णभेद' लिहीत आलो. पण 'वर्ण' लिहिताना जपून. एकीकडे तो लग्नाच्या जाहिरातीतला गव्हाळ वर्ण आहे, दुसरीकडे चातुर्वर्ण्य. वाचणारा कुठला घेईल, सांगता येत नाही.

आता मैत्रिणीचा प्रश्न. तुम्हाला कुठे जात असते? माझ्या मते या सगळ्यात हाच प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण त्याचं उत्तर एका जुन्या मराठी शब्दात आहे: शनवार तेली. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या गावांत तुझे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवत. शेजाऱ्यांना ज्यू हा शब्द ठाऊक नव्हता. त्यांनी जे डोळ्यांना दिसलं त्यावरून नाव पाडलं. फोड करून बघ. 'तेली' ही जात, धंद्यावरून ठरलेली. 'शनवार' हा धर्म, सुट्टीच्या दिवसावरून ओळखलेला. गावाने धर्माला जातीच्या रांगेत जागा करून दिली, आणि तीही कसलाही वाईट शब्द न वापरता. मला हा शब्द फार आवडतो.

मात्र आतली बाजूही लिही. समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. बाहेरच्या बायकांशी झालेल्या संबंधांतून जन्मलेल्यांना काळे म्हणत, आणि त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार टाळत. शब्द रंगाचे, वागणूक जातीची, दावा वंशशुद्धीचा. इतके तिन्ही अर्थ एकत्र गुंतलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

'बेने इस्राएल' हे नावच वंशाचं आहे. हिब्रूत 'बेने' म्हणजे मुलं, आणि इस्राएल हे ज्यूंचा मूळपुरुष याकोब याचं दुसरं नाव. त्याची लेकरं ती बेने इस्राएल. पण ही लेकरं इस्राएल देशात गेली तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या बाबतीत त्यांच्या वंशाबद्दल शंका काढली. मोठं आंदोलन झालं आणि १९६४ साली ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं मान्य झालं. पेण, रोहा, नवगाव इथे कुणी वंशाचा दाखला मागितला नव्हता.

रिलिजनला धर्म लिही, तिथे अडचण नाही. मराठीतला धर्म जरा ऐसपैस आहे एवढं लक्षात असू दे. शेजारधर्म कुठल्याच देवळात शिकवत नाहीत, आणि पसायदानातला 'स्वधर्मसूर्य' म्हणजे एखादा पंथ नव्हे. देवळावरून आठवलं: मुंबईत मांडवीला १७९६ साली उभारलेल्या सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, तुमचीच माणसं 'जुनी मशीद' म्हणत. टेंभी नाक्याजवळचं आपलं ठाण्याचं सिनेगॉग १८७९ चं. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचार, ती त्याला काय म्हणायची. जे सांगतील ते जसंच्या तसं लिही.

राहिला शेवटचा शब्द. अस्मिता घेऊ नकोस. 'अस्मि' म्हणजे 'मी आहे', त्याला 'ता' लागून अस्मिता. योगसूत्रांत ती पाच क्लेशांपैकी एक आहे, अविद्या, राग, द्वेष आणि अभिनिवेश यांच्या पंगतीला बसलेली. आज ती अभिमानाचा शब्द झाली आहे आणि वापरायला हरकत नाही, पण तिच्यात छाती पुढे काढलेला माणूस दिसतो. सोळाव्या वर्षी स्वतःला चाचपडणाऱ्या मुलीचा तो शब्द नव्हे. 'ओळख' घे. ओळख होते, करून द्यावी लागते, पटते, काही जण ती दाखवत नाहीत. बघ, प्रत्येक वेळी समोर दुसरं माणूस आहे. 'मी कोण' हे मराठीत एकट्याने ठरत नाही, आणि तुझ्या लेखातही मैत्रीण आलीच आहे.

वाक्याचं भाषांतर मात्र करू नकोस. आपल्याकडे रेस आणि रिलिजन विचारत नाहीत, 'तुम्ही कुठल्या?' विचारतात. तुमच्यातली पुष्कळ आडनावं गावावरून पडलेली, पेणकर, रोहेकर, नवगावकर. तुझं आडनाव तू लिहिलेलं नाहीस. तेही 'कर'वर संपत असेल, तर त्याच्या आधी जे गाव आहे तिथून लेख सुरू कर. 'रेस'ला मराठी शब्द शोधायची वेळ बहुधा येणारच नाही.