नुकताच टाईप टू डायबेटिस निघालाय, गोळी न घेता फक्त आहार आणि व्यायामावर शुगर कंट्रोल होते का?

होते. काहींची होते, आणि तुमचा एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, ७.४ आहे म्हणजे अजून बरंच काही हातात आहे. पण तुम्ही प्रश्नाच्या खाली जे लिहिलंय ना, "घरचे म्हणतात गहू बंद कर, ज्वारीची भाकरी पोटभर खा, गोळीच्या नादी लागू नको", ते वाचलं आणि मी हातातलं काम बाजूला सारून लिहायला बसले. हे अगदी याच शब्दांत मी माझ्या मोठ्या दिरांकडून ऐकत आलेय.

मी पुण्यात सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, म्हणजे सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत खुर्ची. सासर औसा तालुक्यातलं, लातूर जिल्हा. आमच्याकडे ज्वारी दुकानातून येत नाही, भाऊजी गावाकडून पोतं पाठवतात, आणि भाकरी अशी होते की दुसऱ्या दिवशी डब्यात पण मऊ राहते. तेव्हा ज्वारीबद्दल मला कुणी शिकवू नये, लग्न झाल्यापासून रोज खातेय.

मला शुगर निघाली तेव्हा एचबीएवनसी ७.९ होता. मी अंगाने बारीक, त्यामुळे सगळ्यांचं एकच, "तुला कशी काय?" त्याचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला होता. आपण भारतीय लोक हातापायाने काडी आणि पोटात चरबी असे असतो, काटा वजन बरोबर दाखवतो आणि आत लिव्हर चरबीने भरलेलं. म्हणून वजनापेक्षा कंबर मोजा, पुरुषांची ९० सेंटीमीटर आणि बायकांची ८०, त्याच्या वर गेली की काम सुरू करायचं.

तर भाऊजींचा फोन आला. "गहू सोड, हायब्रीड खाऊन खाऊन झालंय हे. भाकरीनं काही होत नसतंय. गोळी एकदा लागली की सुटत नसती." मी म्हटलं डॉक्टरांनी दिलीय तर घेते. त्यावर ते नाराज, यांच्याशी बोलले, नणंदेशी बोलले, घरात सगळ्यांना माहीत झालं की मी गोळी घेते आणि मोठ्यांचं ऐकत नाही.

त्यानंतर येळवस आली. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी, वेळ अमावस्येला सगळं घर शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि ओळखीचा-अनोळखी जो दिसेल त्याला बोलवून जेवू घालायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, आंबील, गव्हाची खीर. मी शुगर तपासायचं मशीन पर्समध्ये घेऊनच गेले होते कारण डॉक्टरांनी जेवणानंतरच्या शुगरचा चार्ट मागितला होता. आणि मी ठरवून भाऊजींच्या शेजारी बसले आणि त्यांनी जेवढं घेतलं तेवढंच वाढून घेतलं. दोन भाकरी, उंडा, भज्जी, आंबील. खीर दोघांनीही एकेक वाटी. म्हटलं आज होऊन जाऊ दे.

पहिल्या घासापासून दोन तासांनी तपासायचं असतं. हात आधी नीट धुवून पुसले, बोटाला खिरीचा गूळ लागलेला असला तर आकडा खोटाच वर जातो, हे लक्षात ठेवा, आंबे खाल्ल्यावर तर हमखास होतं. माझी आली २१८. मग भाऊजी म्हणाले माझी पण बघ. आता ते सुई मारायचं पेन असतं त्याला किती खोल टोचायचं याचे आकडे असतात, माझ्यासाठी मी दोनवर ठेवते. त्यांच्या बोटाला दोनवर काही झालंच नाही. तीनवर पण नाही. शेवटी पाचवर नेलं आणि बोटाची बाजू दाबून दाबून एक थेंब काढला, इतकी घट्ट कातडी, खुरप्याची आणि दाव्याची. आकडा आला १२४.

झालं. "बघ, म्हणलं नव्हतं का." सगळी भावकी त्यांच्या बाजूने. मी काही बोलले नाही, पण मला वाईट वाटलं, कारण मला त्या दोन तासांत जे दिसलं ते कुणीच बघितलेलं नव्हतं. जेवण झाल्यावर मी सतरंजीवर बसून होते, जावांशी बोलत. भाऊजी त्या दोन तासांत बसले असतील तर पाण्याचा तांब्या संपेपर्यंत. शेजारच्या रानातल्या लोकांना बोलवायला गेले, पाहुण्यांना हरभरा दाखवायला बांधाबांधाने फिरले, बैलांना पाणी दाखवलं. आणि हे त्यांचं सणाच्या दिवशीचं, रोजचं तर विचारूच नका. वरून त्यांना डायबेटिस नाही आणि मला आहे, त्यांचं स्वादुपिंड काम करतंय, म्हणजे साखर आवरणारं इन्सुलिन नीट तयार करतंय, हा फरक आहेच.

ताण पडलेला स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघता रक्तातली साखर आत ओढून घेतो. म्हणून जेवल्यानंतर चालायचं, लगेच पंधरा-वीस मिनिटं. सकाळी उठून एक तास चालणारे आणि मग दिवसभर बसणारे खूप बघितलेत मी, सकाळचं चालणं चांगलंच आहे, पण दुपारच्या जेवणाची साखर दुपारीच वर जाते. आणि नुसतं चालू नका, आठवड्यातून दोन-तीनदा मांड्यांना आणि दंडांना जोर पडेल असं काहीतरी करा, उठाबशा, जिने, भिंतीला टेकून जोर. साखर साठवायची सगळ्यात मोठी जागा स्नायू आहेत आणि चाळिशीनंतर ते आपोआप कमी होत जातात, खुर्चीवाल्यांचे तर जास्तच.

आता भाकरी. परत आल्यावर मी भाकरीचं पीठ मळायच्या आधी काट्यावर ठेवून बघितलं. आमच्या पद्धतीच्या एका भाकरीला ८० ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं. फुलक्याला २५. पिष्टमय भाग दोन्हीत जवळपास सारखाच, साधारण ७० टक्के. म्हणजे एक भाकरी ही तीन फुलक्यांएवढी! जो माणूस "मी पोळी सोडली, आता फक्त दोन भाकऱ्या" असं अभिमानाने सांगतो तो सहा फुलके खातोय. ज्वारीत ग्लूटेन नाही, तंतू बरे आहेत, पोट भरतं, सगळं मान्य. पण ती औषध नाही. धान्य आहे. हेच नाचणीचं, हेच ब्राऊन राईसचं, आणि गुळाचं तर काय बोलायचं, सेंद्रिय असो नाहीतर कोल्हापुरी, रक्तात गेल्यावर साखरच. उपवासाचा साबुदाणा हा तर जवळजवळ शुद्ध स्टार्च, आणि महिन्यातून चतुर्थी, एकादशी, गुरुवार मोजा म्हणजे कळेल.

मी भाकरी सोडली नाही. लहान केली, एकच घेते, आणि सगळ्यात शेवटी खाते. आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर किंवा मेथीची भाजी, मग मटकीची उसळ नाहीतर पिठलं नाहीतर दोन अंडी, आणि ते निम्मं झालं की भाकरी. जेवण तेच पण क्रम बदलल्याने फरक पडतो, विश्वास नसेल तर स्वतः मशीनवर बघा. मग पार्किंगमध्ये चकरा. दोन तासांनी १४८. त्याच पोत्यातली ज्वारी. हे भाऊजींना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे भाकरीनं काही होत नाही हेच ना." आता काय बोलणार.

मशीन घ्या, हा माझा तुम्हाला सगळ्यात पहिला सल्ला आहे. डाएट कुठलं, दीक्षित की दिवेकर, दोनदा खायचं की दर दोन तासांनी, हा वाद आपल्या महाराष्ट्रात खूप झाला, मला त्यात पडायचं नाही. तुम्ही पोहे खाल्ल्यावर तुमची किती होते ते बघा आणि मूठभर शेंगदाणे घालून मोड आलेल्या मुगासोबत निम्मे पोहे खाल्ल्यावर किती होते ते बघा. पट्ट्या महाग पडतात, रोज चार वेळा करायची काही गरज नाही, पण सुरुवातीला नेहमीच्या प्रत्येक जेवणाची एकदा तरी करा.

गोळीचं. तुमचा खरा प्रश्न हाच होता आणि माझं मत स्पष्ट आहे, गोळी घेणं म्हणजे हरणं नाही. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासाचे निकाल आले, त्यात वजन उतरवून एका वर्षात ४६ टक्के लोकांचा डायबेटिस रेमिशनमध्ये गेला, म्हणजे गोळ्यांशिवाय शुगर डायबेटिसच्या पातळीखाली राहिली, आणि ज्यांनी १५ किलो किंवा जास्त कमी केलं त्यांच्यात ८६ टक्के. म्हणजे होतं. पण ते लोक जास्त वजनाचे होते, निदान होऊन सहा वर्षांच्या आतले होते, आणि सुरुवातीचे काही महिने दिवसाला साडेआठशे कॅलरीच्या आसपास, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. "गोड बंद केलं आणि बरा झालो" असं ते नव्हतं. मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची नेहमीची पहिली गोळी, १९५० च्या दशकापासून वापरात आहे, स्वस्त आहे, आणि रात्रभर लिव्हर जी साखर रक्तात सोडत राहतं ती कमी करतं. रात्री काही न खाता सकाळी १४० कशी, असं लोक विचारतात, ती तिथूनच येते, जेवणातून नाही. मी गोळी चालू ठेवून हे सगळं केलं, माझा एचबीएवनसी आता ६.२ आहे आणि दोनच्या जागी एक गोळी राहिलीय, ती कमी डॉक्टरांनी केली, मी नाही.

आणि मला हे इतकं का लागतं ते पण सांगते. सासूबाईंना शुगर होती. त्यांनी आयुष्यभर ज्वारीच खाल्ली, गव्हाची पोळी त्यांच्या ताटात फक्त सणाला. त्यांची गोळी याच बोलण्यावर बंद झाली, कारल्याचा रस पिते, भाकरी खाते, आता कशाला. शुगरने पाय बधिर झालेले, पायाच्या करंगळीला काटा लागला तो त्यांना कळलाच नाही. करंगळी काढावी लागली. हे त्याच घरात झालंय, आणि तरी मला सांगतात भाकरीनं काही होत नाही. भाऊजी मनाने वाईट नाहीत, आईचं त्यांनीच सगळं केलं, रात्र रात्र दवाखान्यात बसले. पण आईचं जे झालं त्याचा आणि बंद केलेल्या गोळीचा संबंध ते अजून जोडत नाहीत, आणि मी तो त्यांच्यासमोर कधी बोलूनही दाखवलेला नाही.

तुमच्यासाठी, ७.४ असेल आणि बाकी त्रास नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा की मला तीन महिने आहार-व्यायामावर देता का, बरेच डॉक्टर देतात. तीनच महिने का, तर एचबीएवनसी साधारण तेवढ्याच काळाची सरासरी असते, त्याआधी परत करून उपयोग नाही. रक्त कमी असेल, हिमोग्लोबिन खाली असेल, तर तो आकडाच चुकीचा येऊ शकतो, तेही विचारून घ्या.

अजून काही गोष्टी राहिल्या. वजन भराभर उतरत असेल, तहान भागत नसेल, रात्री सारखं लघवीला उठावं लागत असेल तर तीन महिने वगैरे थांबू नका, लगेच जा, कधी कधी तो टाईप टू नसतोच आणि इन्सुलिनच लागतं. ग्लिमेपिराईडसारखी इन्सुलिन वाढवणारी गोळी चालू असेल तर मनाने जेवण गाळू नका, शुगर ७० च्या खाली जाऊन घाम आणि थरथर सुटते, तेव्हा मात्र साखरच खायची, तीन चमचे पाण्यात घालून. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांनी बी ट्वेल्व्ह बघत राहायचं, शाकाहारी असाल तर जास्तच. आणि डोळ्याचा पडदा, लघवीतलं प्रोटीन, तळपायाची संवेदना, हे निदान झाल्याझाल्या एकदा आणि पुढे दरवर्षी, शुगर नॉर्मल आली तरी.