वाचकांचे प्रश्न : समोरून आदळलेली गाडी घरी दुरुस्त करताना

प्रश्न : नाशिकच्या द्वारका चौकातील गर्दीत माझी दहा वर्षे जुनी हॅचबॅक पुढच्या टेम्पोवर मागून आदळली. वेग फारसा नव्हता आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. बंपर व ग्रिल फुटले आहे, बॉनेट मधोमध उचलले गेले आहे, डाव्या हेडलाइटचे कान तुटले आहेत आणि गाडीखाली हिरवट पाणी टपकते. विमा फक्त थर्ड पार्टीचा आहे. गॅरेजने सांगितलेला खर्च मला झेपणारा नाही. पाने-पक्कड चालवण्याची सवय आहे आणि घरासमोर जागाही आहे. यातले किती काम मी स्वतः करावे?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : बरेचसे करता येईल, पण नेमके किती, हे बंपर उतरवून आत पाहिल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही आणि गॅरेजवाल्यालाही नाही. म्हणून सुटे भाग विकत घेण्याआधी गाडी उघडा. इंजिन पूर्ण थंड असू द्या, बॅटरीची ऋण तार काढा आणि काही मिनिटे थांबा, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत तेवढा वेळ वीज साठून राहू शकते. मग चाकाच्या कमानीतले स्क्रू, खालचे क्लिप आणि वरचे बोल्ट काढले की बंपरचे आवरण सुटते. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जोडताना त्यांचाच आधार वाटतो.

आत आडवी धातूची पट्टी दिसेल. तिच्यामागे रेडिएटर धरून ठेवणारी चौकट आणि दोन्ही बाजूंनी इंजिनाखालून मागे जाणाऱ्या चेसिसच्या दांड्या असतात. माझा निकष सरळ आहे : जे बोल्टने बसवलेले आहे ते घरी बदलावे, जे वेल्डिंगने जोडलेले आहे त्याला घरी हात लावू नये. आडवी पट्टी, ग्रिल, हेडलाइट, फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा), बॉनेट, रेडिएटर आणि पंखा हे बहुतेक गाड्यांत बोल्टवर असतात. रेडिएटरची चौकट काही गाड्यांत बोल्टवर, तर काहींत वेल्ड केलेली असते, ते पाहून घ्या.

दांड्यांच्या बाबतीत मात्र डोळ्यांवर विसंबू नका. त्यांच्यावर सुरकुती, रंगाला तडा किंवा सीलंट फाटलेले दिसले तर धक्का आतपर्यंत पोचला असे समजावे. काही दिसले नाही तरी टेप घेऊन कर्ण मोजा : डाव्या सस्पेन्शनच्या वरच्या नटापासून उजव्या हेडलाइटच्या बोल्टच्या छिद्रापर्यंत, आणि मग उजव्या नटापासून डाव्या हेडलाइटच्या तशाच छिद्रापर्यंत. तीन-चार मिलिमीटरचा फरक टेप धरण्यातही पडू शकतो. सेंटिमीटरभर किंवा त्याहून अधिक आला तर गाडी वाकली आहे आणि तिला बॉडी सरळ करण्याचा बेंच असलेल्या कारखान्यातच न्यावे लागेल. झाडाला साखळी बांधून गाडी मागे घेण्याचा प्रकार अजूनही चालतो. त्यात ओढ कुठे बसते यावर कुणाचाच ताबा राहत नाही आणि साखळी तुटली तर जवळच्या माणसाच्या जिवावर बेतते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये ओळखीचा वेल्डर बहुतेकांना सापडतो आणि तो प्रेमाने गॅसची ज्योत लावून दांडी सरळ करून द्यायलाही तयार होतो. त्याच्या कौशल्याबद्दल माझी शंका नाही. पण आजच्या गाड्यांच्या सांगाड्यात वापरलेले उच्च ताकदीचे पोलाद असे तापवले की आपली ताकद गमावते आणि पुढच्या धडकेत ते ठरल्याप्रमाणे चुरगळत नाही.

टपकणारे पाणी बहुधा रेडिएटरचे किंवा त्याच्या पाइपाचे असावे. गळका रेडिएटर सांधण्यापेक्षा नवा बसवावा, कारण आजकाल त्याच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात आणि डाग देऊन त्या टिकत नाहीत. नव्या रेडिएटरमध्ये गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट भरा, हवा काढा आणि पंखा आपोआप सुरू होतो का ते पाहा. गळती राहिलेली गाडी शहरात निभावून जाते आणि कसारा घाट चढताना तापते. तिथे इंजिनाचे हेड गॅस्केट गेले तर आत्ता वाचवलेले सगळे पैसे त्यात जातील. रेडिएटरच्या पुढची जाळी एसीचा कंडेन्सर असतो. त्यात दाबाखाली गॅस असल्याने त्याचे नट घरी सैल करू नका. कंडेन्सर बदलणे, व्हॅक्यूम करणे आणि वजनाने गॅस भरणे हे एसी मेकॅनिककडून करून घ्या, फक्त बंपर तुम्ही आधीच उतरवलेला असल्याने त्याची तेवढी मजुरी वाचेल.

खर्च खरा कमी होतो तो जुन्या भागांमुळे. मुंबईत कुर्ल्याला जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. गाडीचा रंग तोच असलेले बॉनेट मिळाले तर रंगाचे पैसेच वाचतात. नेण्याआधी मॉडेलचे वर्ष आणि हेडलाइटच्या कानांची जागा जुळवा, विक्रेत्याकडून पावती घ्या. पावती न देणाऱ्याकडचा माल कुठून आला हे तुम्हाला कळणार नाही. एअरबॅग आणि तिचे सेन्सर मात्र कधीही जुने घेऊ नका. तुमच्या गाडीत एअरबॅग असल्याने इग्निशन दिल्यावर तिचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही किंवा लागून राहिला तर गाडी स्कॅनरवर दाखवा.

बॉनेट बसवताना सर्वांत जास्त वेळ लॉकवर घालवावा. दोन्ही फेंडरशी फट सारखी आली, बॉनेट सहज मिटले, पहिली ओढ सुटल्यावर दुसऱ्या हुकाने ते पकडून ठेवले, हे सगळे जमेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये. तारेने बांधलेले बॉनेट महामार्गावर वाऱ्याने उलटून समोरच्या काचेवर आदळते आणि चालकाला काहीही दिसेनासे होते. फवाऱ्याने रंग देण्याचे काम घरी करू नका असे मी सांगेन, कारण दोन घटकांच्या रंगातील आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन साध्या रुमालाने अडत नाही. उघडे पडलेले पोलाद मात्र पावसाळ्याआधी प्रायमरने झाका. हेडलाइट भिंतीवर पाडून दोन्ही झोत सारखे करा, शेवटी चाकांचे अलाइनमेंट तपासा आणि पुढची नंबरप्लेट फुटली असल्यास अधिकृत ठिकाणाहूनच उच्च सुरक्षा प्लेट बदलून घ्या.

प्रश्न : बंपरला पडलेला तडा इपॉक्सी पुटीने भरला, पण ती पापडी होऊन निघाली. असे का झाले?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलिनचा आहे. त्याच्या मागच्या बाजूला पीपी ही रोमन अक्षरे कोरलेली असतात. या प्लॅस्टिकला साधा चिकटपदार्थ धरत नाही. ते वितळवूनच सांधावे लागते. तड्याच्या टोकाला बारीक छिद्र पाडून तो पुढे वाढणे थांबवा, मागून स्टीलची बारीक जाळी सोल्डरिंग आयर्नने आत दाबा आणि त्याच जातीच्या जुन्या बंपरची पट्टी कापून तिचे प्लॅस्टिक त्यावर वितळवा. धूर अंगावर घेऊ नका, काम उघड्यावर करा. रंगाआधी प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर लागेल, नाहीतर रंगही तसाच निघेल.

प्रश्न : माझ्याकडे संपूर्ण विमा आहे. नुकसान किरकोळ असेल तर दावा न करता घरीच दुरुस्ती करावी का?
– एक वाचिका, पंचवटी

उत्तर : दोन रकमा समोरासमोर मांडून ठरवा. दावा केला तर गाडीमालकाच्या वाट्याला स्वतः भरायची सक्तीची रक्कम (१५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला सहसा १,००० रुपये) आणि प्लॅस्टिकच्या भागांवरील ५० टक्के घसारा येतो. झिरो डेप (घसारा न कापण्याचे जादा संरक्षण) घेतलेले असेल तर घसाऱ्याचा प्रश्न नाही. शिवाय पुढच्या नूतनीकरणात नो-क्लेम बोनस शून्यावर येतो. हा बोनस पहिल्या दावामुक्त वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाचव्या वर्षानंतर ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि तो फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो, म्हणून जुन्या पॉलिसीतला तोच हप्ता काढून हिशेब करा. एकच पथ्य पाळा : दाव्याची शक्यता असेल तोवर विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पाहण्याआधी गाडीचा एकही भाग सोडवू नका आणि कंपनीला घटनेची सूचना लगेच द्या.